चित्तसमाधान आणि धन (१ तीमथ्य ६)

देवभक्ती, समाधान आणि पैसा यांचा ख्रिस्ती शास्त्राभ्यासात एकत्र विचार निघाला की चर्चा बहुधा बायबलच्या नव्या करारातल्या एकाच उताऱ्यापाशी येते. तो म्हणजे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सहावा अध्याय, त्यातही वचने ६ ते १० आणि १७ ते १९. समाधानाची जोड असलेली भक्ती हा मोठा लाभ आहे. आपण जगात काही आणले नाही आणि येथून काही नेताही येणार नाही. द्रव्याचा लोभ हे वाइटाचे मूळ आहे. ही वाक्ये सुटी सुटी पाठ असणारे पुष्कळ असतात. ती मुळात एका वादाच्या ओघात आली आहेत आणि त्या वादाची सगळी भाषा बाजारपेठेतली आहे, हे मात्र अनेकदा नजरेतून निसटते.

पत्रातील मांडणीनुसार प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला इफिस येथे ठेवले आहे. पत्र पौलाचेच, ही परंपरागत समजूत. १८०७ मध्ये श्लायरमाखर या जर्मन धर्मपंडिताने तिच्यावर शंका घेतली. आज बहुसंख्य समीक्षक हे पत्र पौलाच्या नंतरच्या पिढीतल्या कोणा अनुयायाचे मानतात, तर पौलाचे कर्तृत्व मान्य करणारे अभ्यासकही आहेत. उताऱ्याचा अर्थ लावताना या वादापेक्षा शहर अधिक कामाला येते. इफिस हे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरचे, रोमन आशिया प्रांतातले भरभराटीचे बंदर होते. तेथील अर्तमी देवीचे मंदिर प्राचीन सात आश्चर्यांत गणले जाई. लोक आपला पैसा त्या मंदिरात ठेव म्हणून सुरक्षित ठेवत, म्हणजे देवस्थान हीच पेढी होती. देवीचे रुप्याचे देव्हारे घडवणाऱ्या देमेत्रियाने धंदा बसेल या भीतीने केलेला दंगा ‘प्रेषितांची कृत्ये’च्या १९ व्या अध्यायात आहे. अशा गावात धर्म आणि मिळकत यांचे नाते कोणाला समजावून सांगावे लागत नसणार.

वादाला तोंड फुटते पाचव्या वचनात. काही शिक्षक भक्तीकडे कमाईचे साधन म्हणून पाहतात, असा पत्रलेखकाचा आरोप आहे. तेथे ‘पोरिस्मोस’ हा ग्रीक शब्द येतो. अर्थ कमाई, मिळकत. पुढच्याच वचनात लेखक तोच शब्द उचलतो आणि उलटवतो: भक्तीत लाभ आहेच, चांगला मोठा आहे, पण सोबत समाधान असेल तर. हा शब्द नव्या करारात या दोन वचनांखेरीज कोठेही नाही. म्हणजे सहावे वचन हे शांतपणे काढलेले सुभाषित नसून प्रतिपक्षाला त्याच्याच शब्दात दिलेले उत्तर आहे. भिंतीवरच्या तसबिरीत ते एकटे लावले की त्यातली ही धार जाते.

भक्तीसाठी मूळ शब्द ‘युसेबेया’. मराठी पवित्र शास्त्रात त्यासाठी बहुतेक ठिकाणी ‘सुभक्ती’ हा शब्द रूढ आहे. नव्या करारात तो १५ वेळा येतो, त्यांपैकी ८ वेळा या एका पत्रात. देव, आईवडील, नगर यांच्याविषयी योग्य तो आदर, असा त्याचा ग्रीक वापरातला अर्थ होता; पत्रात तो देवाच्या धाकात जगण्याची रीत या अर्थाने येतो. समाधानासाठीचा ‘औतार्केया’ हा शब्द तर सरळ तत्त्वज्ञांच्या शाळेतून आला आहे. सिनिक आणि स्टोइक या ग्रीक पंथांचे विचारवंत तो स्वयंपूर्णतेसाठी वापरत: ज्याला बाहेरून काही लागत नाही तो शहाणा. पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात (४:११–१३) याच कुळातला शब्द आहे, पण तेथे तो लगेच सांगतो की हे बळ आपले नव्हे, दुसऱ्याने दिलेले आहे. स्वयंपूर्णतेचा शब्द परावलंबनासाठी वापरायचा, हा मोठा धीट वळसा आहे. मराठीतल्या ‘चित्तसमाधान’ या प्रतिशब्दात ग्रीक शब्दाचा ताठा राहिलेला नाही. माझ्या मते येथे त्याने बिघडत नाही, उलट नेमका अर्थ हाती येतो.

सातव्या वचनात जुन्या करारातल्या ईयोब (१:२१) आणि उपदेशक (५:१५) या पुस्तकांचा सूर आहे. मूळ ग्रीक वाक्याची बांधणी मात्र अडखळणारी आहे: आपण काही आणले नाही, ‘कारण’ काही नेताही येणार नाही. हे ‘कारण’ तेथे नीट बसत नाही. नंतरच्या नकलकारांनी ‘हे उघड आहे की’ अशी डागडुजी केली. ती इतकी रुळली की अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, सामान्य प्रार्थनापुस्तकाच्या १६६२ च्या आवृत्तीत दफनविधीच्या आरंभीच्या वचनांत तीच येते. त्याच पुस्तकात दानार्पण गोळा करताना वाचायच्या वचनांतही हा उतारा आहे. समाधानाचे वचन वर्गणीच्या वेळी वाचावे यातली गंमत ऐकणाऱ्यांच्या ध्यानात येत नसेल असे नाही.

आठवे वचन किमान गरज सांगते: अन्न आणि ‘स्केपास्माता’, म्हणजे आच्छादने. बहुतेक भाषांतरे याचा अर्थ वस्त्र असा घेतात. शब्दात डोक्यावरचे छप्परही बसू शकते. पण हा किमान गरजेचा हिशेब मजुरी बुडवण्याचा परवाना नव्हे. याच पत्राच्या पाचव्या अध्यायात (५:१८) कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे, असे स्पष्ट म्हटले आहे. ‘समाधान मानून घ्या’ असे गड्याला सांगणाऱ्या मालकाला या पत्रात आधार सापडत नाही.

नवव्या वचनात लेखक ज्यांच्याविषयी बोलतो ते श्रीमंत नव्हेत, तर श्रीमंत होऊ पाहणारे. ते मोहात, फासात पडतात आणि वासना त्यांना बुडवतात. येथले क्रियापद लूकच्या शुभवर्तमानात (५:७) माशांच्या भाराने बुडू लागलेल्या मचव्यांसाठी आले आहे. बंदरातल्या माणसाला चित्र लगेच दिसले असेल. मग येते सर्वांत जास्त चुकीचे सांगितले जाणारे वचन. ‘पैसा सर्व पापांचे मूळ’ असे लोक म्हणतात; मुळात आहे पैशाचा लोभ, ‘फिलार्ग्युरिया’. शिवाय ग्रीकमध्ये ‘मूळ’ या शब्दाला निश्चयवाचक उपपद (इंग्रजीतल्या ‘द’सारखे) नाही, म्हणून ‘एक मूळ’ असाही अर्थ घेता येतो. आशय मुळात नवा नव्हता. पैशाचा लोभ ही सर्व वाइटाची राजधानी, अशा अर्थाची उक्ती ग्रीक परंपरेत सिनिक तत्त्वज्ञ डायोजेनीसच्या नावावर होती. लॅटिन वचनाच्या एका रूपातील चार शब्दांची आद्याक्षरे जुळवली की ‘रोमा’ होते. मध्ययुगातल्या टीकाकारांनी पोपच्या दरबाराला टोमणे मारायला या योगायोगाचा भरपूर उपयोग केला.

आधीच श्रीमंत असलेल्यांकडे लेखक १७ व्या वचनात वळतो. त्यांना सर्व विकून टाका असे तो सांगत नाही, हे महत्त्वाचे. गर्व करू नका, चंचल धनावर आशा ठेवू नका, सत्कर्मांत धनवान व्हा, दान करा. देवाने सर्व काही ‘उपभोगासाठी’ दिले आहे, हेही तेथेच आहे; विरक्तीच्या उपदेशकांना हा शब्द जड जातो. दोन वचनांत ‘धनवान’ या धातूची रूपे चार वेळा येतात आणि शेवटी पुढच्या काळासाठी साठवण्याची भाषा येते. अध्याय संपता संपता तीमथ्याला आज्ञा होते: तुझ्याकडे सोपवलेली ठेव सांभाळ. अर्तमीच्या पेढीच्या गावात हा शब्द.

पुढच्या शतकांत दोन प्रवाह दिसतात. आरंभीच्या काळातला धर्मशिक्षक अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट याने कोणता धनवान तरेल यावर स्वतंत्र निबंध लिहिला आणि प्रश्न मनाच्या आसक्तीचा मानला. नामवंत प्रवचनकार जॉन क्रिसोस्टम हा या पत्रावरील प्रवचनांत अधिक कडक आहे: मोठ्या धनाच्या मुळाशी कोठेतरी अन्याय असतोच, असे तो बजावतो. अठराव्या शतकात मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने नवव्या वचनावर संपत्तीच्या धोक्याविषयी प्रवचन दिले. विसाव्या शतकात अमेरिकेत वाढलेल्या समृद्धीच्या शुभवर्तमानाने श्रद्धा ठेवा म्हणजे पैसा येईल असे शिकवले, तेव्हा टीकाकारांनी पाचव्या वचनाकडेच बोट दाखवले.

मराठी ख्रिस्ती परंपरेत हा उतारा परका वाटला नाही, कारण समाधान आणि धनाचा सदुपयोग यांविषयी तुकोबा अगोदरच बोलून गेले होते. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) सांगत. खेड्यापाड्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये कापणीच्या सणाला लोक ज्वारीची कणसे, भोपळे, अंडी, पाय बांधलेली कोंबडी घेऊन येतात. उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या निधीत जातात. कोंबडी बाजारभावाच्या कितीतरी वर जाते. बोली चढवणारा कधी कधी तीच पुन्हा लिलावाला परत देतो आणि पाळक हसत हसत पुन्हा पहिल्यापासून पुकारा सुरू करतात.