रंगीत प्लास्टिकच्या मॉडेल कारचे रंगकाम

जुळवायच्या मॉडेल कारची बॉडी साच्यातूनच लाल, पिवळी, निळी किंवा काळी निघालेली असेल, तर तिला रंग देणे हे पांढऱ्या वा करड्या बॉडीला रंग देण्याहून वेगळे काम ठरते. या संचांचे प्लास्टिक पॉलिस्टायरीन असते. त्याचे दाणे वितळवून दाबाने साच्यात सोडताना त्यांत रंगद्रव्य मिसळलेले असते. त्यामुळे रंग वरवरचा नसतो, प्लास्टिकच्या अंगातच असतो. वरून दिलेल्या रंगाला तो पुढे किती त्रास देईल, हे पहिल्या हातावर ठरते.

अशा गाड्यांची प्रचलित प्रमाणे दोन. जपानी संच बहुधा १:२४ असतात आणि अमेरिकी १:२५. अमेरिकेत एएमटी ही कंपनी मोटार विक्रेत्यांसाठी नव्या गाड्यांच्या तयार प्रतिकृती बनवत असे. १९५८ पासून तिने दरवर्षीच्या गाड्यांचे जुळवायचे संच आणले. रंगीत प्लास्टिकमागचा हेतू साधा आहे: ज्या मुलाकडे रंग नाहीत, ब्रश नाही, त्यालाही शेवटी रंगीत गाडी मिळावी. हेतू चांगला असला तरी नुसत्या प्लास्टिकचा रंग किंचित पारदर्शक, खेळण्यासारखा दिसतो, आणि वितळलेले प्लास्टिक साच्यात जिथून शिरले तिथे भोवऱ्यासारख्या रेघा राहतात.

खालचा रंग दोन प्रकारे नडतो आणि हे दोन प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत. वरचा थर पातळ असेल तर खालचा रंग नुसता दिसतो. त्यावर आणखी एक हात दिला की काम भागते. दुसऱ्या प्रकारात रंग ‘वर येतो’. लॅकर म्हणजे झपाट्याने उडणाऱ्या तीव्र द्रावकात कालवलेला रंग. त्यातले द्रावक प्लास्टिकची वरची कातडी मऊ करतात, आतले रंगद्रव्य विरघळवतात आणि ते ओल्या थरात चढते. लाल प्लास्टिक यात सर्वांत खोडसाळ. लाल बॉडीवर पांढरा लॅकर मारला की संध्याकाळी ती पांढरीशुभ्र दिसते. सकाळी पाहावे तर चाकांवरच्या कमानींपाशी, जिथे रंग जाड बसला होता, तिथे गुलाबी झाक आलेली असते. नवशिका त्यावर आणखी पांढरा मारतो. त्याचे द्रावक पुन्हा लाल ओढून घेते, आणि थर वाढत जातो. १:२४ गाडीवर ०.१ मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे खऱ्या गाडीवर २.४ मिलिमीटर, दारांच्या फटी आणि नावाची बारीक अक्षरे त्यात बुजून जातात.

उपाय म्हणजे मध्ये भिंत घालणे. सर्वांत भरवशाची भिंत चंदेरी रंगाची. त्यातले ॲल्युमिनियमचे सूक्ष्म पापुद्रे गोव्यातल्या घरांवरच्या कौलांसारखे एकमेकांवर आडवे बसतात, आणि खालच्या रंगाला वर यायला सरळ वाट उरत नाही. त्याआधी बॉडी भांड्यांच्या साबणाने धुवावी, म्हणजे साच्याचे तेल निघते. मग बारीक वॉटर पेपर फिरवावा. चंदेरीचे दोन-तीन हात अगदी हलके, धुक्यासारखे द्यावेत. ते पूर्ण वाळल्यावर पांढरे अस्तर आणि मगच हवा तो रंग. पाण्यातले ॲक्रिलिक प्लास्टिकला चावत नाही, म्हणून त्याचे अस्तरही चालते. गोव्यात चवथीच्या मूर्ती रंगवणाऱ्या चित्रशाळांतही मातीवर आधी पांढरा हात फिरतो, तेव्हा अस्तराचे महत्त्व इथल्या माणसाला वेगळे शिकवावे लागू नये.

म्हापसा, मडगाव, फोंडा इथे गाड्यांच्या रंगांची दुकाने सहज सापडतात, आणि तिथला एनसी (नायट्रोसेल्युलोज लॅकर) रंग व एनसी थिनर हाताशी असतो. तो पत्र्यासाठी आहे. पॉलिस्टायरीनवर तो थेट ओला मारला तर पृष्ठभाग वितळतो आणि त्यावर जाळीदार तडे जातात. एकदा बॉडी अशी खाल्ली गेली की ती परत मिळत नाही.

गोव्याची खरी अडचण मात्र हवा आहे. पणजीत वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. लॅकरचे द्रावक झपाट्याने उडते, त्यामुळे पृष्ठभाग थंड पडतो आणि दमट हवेतली वाफ त्यावर जमते. चकचकीत काळा रंग डोळ्यांदेखत दुधी, राखाडी होतो. हळू उडणारे रिटार्डर थिनर मिसळून हे थोडे आवरते. बिघडलेल्या थरावर तेच हलके फवारले तर चमक पुष्कळदा परतही येते. तरीही सर्वांत चांगला उपाय थांबणे हाच. पावसाळ्यात जोडकाम, पुट्टी, घासणे उरकावे आणि चकचकीत हात डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या दुपारी द्यावेत, खिडक्या उघड्या ठेवून आणि वाफेपासून वाचवणारा मास्क लावून.

गोव्याची काळी-पिवळी टॅक्सी हा अभ्यासासाठी सुंदर नमुना आहे. काळ्या प्लास्टिकच्या बॉडीवर टपापुरता पिवळा मारला तर तो हिरवट, मळका दिसतो, कारण पिवळा रंग मुळात कमी झाकतो. म्हणून बॉडी आयती काळी असली तरी टपावर आधी चंदेरी, मग पांढरे, मग पिवळा असा क्रम ठेवावा. पिवळा पक्का वाळल्यावर त्याला मास्किंग टेप लावून खालचा भाग नव्याने काळा करावा. टेपच्या कडेवर आधी पिवळ्याचाच हलका फवारा दिला, तर काळा खालून झिरपत नाही आणि रेघ सुरीने कापल्यासारखी येते.

बॉडीचा मूळ रंगच हवा असेल तर रंग देऊच नये, हाही मार्ग तितकाच मानाचा आहे. १५०० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून फिरवावा, मग रबिंग कंपाउंड आणि शेवटी मेण. गडद रंगांवर ही चमक फार देखणी येते.

कोणताही मार्ग धरला तरी चाचणी स्प्रूवर घ्यावी, म्हणजे भाग ज्या चौकटीला जोडून येतात तिच्यावर. ती त्याच प्लास्टिकची असते आणि एरवी फेकलीच जाते. तिच्या एका टोकाला चंदेरीवर पांढरा आणि दुसऱ्या टोकाला थेट पांढरा मारून दोन-तीन दिवस ठेवावे. थेट मारलेले टोक गुलाबी झाले तर भिंत लागणारच.