आयएसओ तोच, नॉइज वेगळा: एका आकड्याचा इतिहास

दोन कॅमेरे शेजारी ठेवा. दोन्हींवर आयएसओ, म्हणजे प्रकाशाला किती संवेदनशील राहायचं तो आकडा, ३२०० लावा. अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) आणि शटरचा वेळही सारखाच ठेवा. एकाचा फोटो स्वच्छ येतो, तर दुसऱ्याच्या काळोख्या भागात लाल-हिरव्या ठिपक्यांची रांगोळी, म्हणजे नॉइज, दिसते. आकडा एकच असताना असं का, हे नवा कॅमेरा घेणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. उत्तरासाठी डिजिटलच्या बरंच मागे जावं लागतं, कारण हा आकडा मुळात कॅमेऱ्याचा नव्हताच. तो फिल्मचा होता.

१८९० मध्ये इंग्लंडमध्ये फर्डिनंड हर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड यांनी काचेच्या प्लेटवर पडलेला प्रकाश आणि तिथे उमटलेला काळेपणा यांचं नातं मोजून आलेखावर मांडलं. प्लेटचा वेग, म्हणजे प्रकाशाला ती किती चटकन प्रतिसाद देते ते, आकड्यात सांगता येतो, हे तिथून पक्कं झालं. पुढे जर्मनीत १९३४ मध्ये डीआयएन आणि अमेरिकेत १९४३ मध्ये एएसए अशी मोजमापं आली. एएसएमध्ये आकडा दुप्पट झाला की प्रकाश निम्मा पुरे. डीआयएनमध्ये त्यासाठी तीन अंश वाढायचे. १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने दोन्ही एकत्र केली, म्हणून जुन्या रोलच्या डब्यांवर ‘४००/२७°’ असं दिसतं.

फिल्ममध्ये वेग आणि दाणे यांचं मूळ एकच होतं. चांदीच्या क्षाराचा स्फटिक मोठा असला की त्यावर प्रकाश पडण्याची शक्यता जास्त, म्हणून फिल्म वेगवान. पण डेव्हलप होताना तो अख्खा स्फटिक काळा पडतो, म्हणून दाणाही मोठा. कोडॅकची ट्राय-एक्स १९५४ मध्ये ३५ मिमी रोलमध्ये आली आणि तिचे ठसठशीत दाणे वृत्तछायाचित्रांची ओळखच बनले. आपल्याकडे उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा ‘इंदू’ रोल ज्यांनी वापरला, त्यांनाही हा हिशोब माहीत असेल. त्या काळात दाण्यांशी कॅमेऱ्याचा संबंध नव्हता. तोच रोल स्वस्त कॅमेऱ्यात घाला किंवा महागड्या, दाणा तोच. आज आपल्याला पडणारा प्रश्न तेव्हा पडलाच नसता.

१९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडीची, म्हणजे प्रकाशाचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या सेन्सर चिपची, कल्पना मांडली. १९९१ मध्ये कोडॅकने निकॉनच्या बॉडीवर बेतलेला १.३ मेगापिक्सेलचा डीसीएस हा डिजिटल कॅमेरा विक्रीला आणला आणि सेन्सरच्या रूपाने फिल्म कॅमेऱ्यातच कायमची बसली. सेन्सरची प्रकाश टिपण्याची क्षमता ठरलेली असते. आयएसओ वाढवल्याने ती वाढत नाही. मिळालेल्या सिग्नलचं वर्धन होतं, इतकंच. तरीही कंपन्यांनी जुना आकडा ठेवला, आणि ते योग्यच केलं. लाइट मीटर, फ्लॅश, डोक्यात बसलेले हिशोब हे सगळं त्या आकड्यावरच उभं होतं.

डिजिटलसाठीचं मानक, आयएसओ १२२३२, १९९८ मध्ये आलं. त्यात नॉइजवर आधारित वेगाचीही पद्धत होती, पण कॅमेऱ्याच्या डायलवर ती काही आली नाही. २००६ च्या आवृत्तीत दोन नव्या पद्धती आल्या. एक जेपेगचा (कॅमेऱ्याने तयार करून दिलेल्या फोटोचा) उजळपणा पाहून आकडा ठरवते, तर दुसरीत कंपनी स्वतःच योग्य वाटणारा आकडा सुचवते. म्हणजे डायलवरचं ३२०० सांगतं ते एवढंच, की अमुक प्रकाशात फोटो अमुक इतका उजळ दिसेल. रॉ फाइलमध्ये (सेन्सरच्या कच्च्या नोंदीत) काय आहे, नॉइज किती, याबद्दल ते काही सांगत नाही. रॉ फाइलवर मोजलं तर प्रत्यक्ष आयएसओ छापील आकड्यापेक्षा कमी भरल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

मग फरक येतो कुठून? सर्वात मोठा भाग प्रकाशाचाच. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, एकसारखे पडत नाहीत. एका पिक्सेलवर १०,००० पडले तर चढउतार साधारण १०० चा, म्हणजे १ टक्का. १०० च पडले तर १० चा, म्हणजे १० टक्के. सेन्सर कितीही उत्तम असो, ही चंचलता टळत नाही. म्हणून सेन्सरच्या आकारमानाला महत्त्व. फुल-फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या, सेन्सरचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर, मायक्रो फोर थर्ड्स या लहान प्रकाराचं सुमारे २२५. सारख्या एक्स्पोजरला पहिल्यावर एकूण प्रकाश जवळजवळ चौपट पडतो.

दुसरा भाग सर्किटचा, आणि गेल्या पंचवीस वर्षांतली खरी प्रगती इथली. २००० मध्ये कॅननने डी३० मध्ये सीमॉस हा सीसीडीहून वेगळ्या जातीचा सेन्सर आणला. २००७ मध्ये १२ मेगापिक्सेलचा निकॉन डी३ आला, आयएसओची मूळ मर्यादा ६४००, ताणून २५,६००. रात्रीचे सामने आणि अंधारे रंगमंच टिपणाऱ्यांचं कामच त्याने बदललं. सिग्नलचं आकड्यात रूपांतर सेन्सरच्या चिपवरच, प्रत्येक स्तंभाशी होऊ लागलं तशी वाटेत मिसळणारी खरखर घटली. २०१४ च्या सोनी ए७एस वर आयएसओ ४,०९,६०० हा आकडा झळकला.

तिसरा भाग सॉफ्टवेअरचा, आणि तुलनेत सर्वात जास्त फसवणारा. एखाद्या कॅमेऱ्याचा जेपेग संगणकावर पूर्ण (शंभर टक्के) आकारात उघडून चेहरा पाहा: ठिपके नाहीत, पण भुवईचे केसही नाहीत, त्वचा मेणासारखी. तो सेन्सर चांगला आहे असं नाही, नॉइजबरोबर तपशीलही पुसलाय. मोबाइल तर एकामागोमाग अनेक फ्रेम घेऊन त्यांची सरासरी काढतात. २०१८ मध्ये गूगलच्या पिक्सेल फोनवर आलेल्या नाइट साइट या अंधारात फोटो काढायच्या सोयीने ही पद्धत घराघरांत नेली.

‘आयएसओ वाढवू नकोस, नॉइज येईल’ हा सल्ला नवशिक्यांना अजून दिला जातो, आणि त्यापायी शटर जास्त वेळ उघडं ठेवल्याने कितीतरी चांगले फोटो हललेले निघतात. नॉइज येतो प्रकाश कमी पडल्यामुळे. आयएसओ १०० वर काळा फोटो काढून तो नंतर संगणकावर उजळवला, तर बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांत तो थेट १६०० वर काढलेल्यापेक्षा वाईट दिसतो, सावल्यांत पट्टे उमटतात. नव्या सेन्सरांत हा फरक जवळजवळ मिटलाय. काहींत तर पिक्सेललाच दोन वेगळे गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याच्या दोन पातळ्या, असतात. सोनीच्या ए७ थ्री मध्ये एका गेनवरून दुसऱ्यावर जाण्याचा हा बदल आयएसओ ६४० ला होतो, त्यामुळे तिथल्या सावल्या आयएसओ ५०० पेक्षा स्वच्छ येतात.