परवा काय केलं होतं ते आठवा: क्रॉनिक फटीग सिंड्रोम कसा ओळखायचा

'अगं थकवा तर मलाही येतो.' क्रॉनिक फटीग सिंड्रोम असलेल्या माणसाला हे वाक्य इतक्या वेळा ऐकावं लागतं की पुढे पुढे तो सांगायचंच सोडून देतो. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, घोळ सगळा नावाचा आहे. फटीग म्हटलं की प्रत्येकाला स्वतःचा थकवा आठवतो, दिवसभराची दगदग झाली, रात्री गाढ झोपलो, सकाळी गेला. हा आजार तसा नाहीच. म्हणून हल्ली त्याला एमई सीएफएस असं जोडनाव वापरतात, त्यातलं एमई म्हणजे मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस (शब्दशः, स्नायूदुखी आणि मेंदू-मज्जारज्जूची सूज), आणि ते नाव आधीचं आहे. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये दोनशेहून जास्त कर्मचारी एका न कळणाऱ्या आजाराने पडले, त्यानंतरच्या वर्षी हे नाव आलं. मग १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी पेशंटना प्रत्यक्ष न तपासता, जुन्या नोंदी वाचून, हा सामूहिक हिस्टेरिया होता असं लिहिलं, आणि त्यांच्या कारणांपैकी एक कारण होतं की आजारी पडलेल्यांत बायका जास्त होत्या. मला याचा खरंच राग येतो, कारण 'मनाचं दुखणं आहे' हा शिक्का अजून पुसला गेलेला नाही.

तर ओळखायचं कसं? या आजाराची खरी खूण थकवा नाहीच, थकवा कधी येतो ती वेळ आहे. झेपेल त्यापेक्षा थोडं जास्त केलं की तब्येत ढासळते, पण लगेच नाही, बऱ्याचदा १२ ते ४८ तासांनी. डॉक्टर याला पोस्ट एक्झर्शनल मलेज म्हणतात, मी आपली श्रमानंतरची घसरण म्हणते.

समजा एक बाई शनिवारी सकाळी बरं वाटतंय म्हणून केस धुते, कपाटाचा एक कप्पा आवरते, मैत्रिणीशी तासभर फोनवर बोलते. शनिवार छान जातो, रविवारी अंग जरा जड वाटतं, एवढंच. सोमवारी पहाटे डोळे उघडतात तेव्हा घसा दुखतोय, मानेजवळच्या गाठी दाबल्यावर ठणकतायत, अंगात ताप असल्यासारखी कणकण आहे पण थर्मामीटर नॉर्मल दाखवतोय. दात घासायला उचललेला हात वर धरवत नाही म्हणून ती ब्रश तसाच हातात घेऊन पलंगाच्या कडेला बसून राहते, फोनवरचा दोन ओळींचा मेसेज तीनदा वाचूनही अर्थ लागत नाही, आणि पडद्याच्या फटीतून येणारा उजेडसुद्धा सहन होत नाही. हे असं कधी दोन दिवस, कधी दोन आठवडे. आणि ती विचार करते की काल तर मी काहीच केलं नाही! बरोबर आहे, काल नाही, परवा केलं. गफलत इथेच होते. श्रम म्हणजे फक्त अंगमेहनत असंही नाही, परीक्षेचा पेपर, भांडण, गोंगाटात घालवलेली एक संध्याकाळ, एवढंही पुरतं.

हे नुसतं वाटणं नाही बरं का. सायकल चालवायला लावून शरीराला किती श्रम झेपतात हे मोजायची एक टेस्ट असते, ती ओळीने दोन दिवस केली तर निरोगी माणसाचे आकडे दुसऱ्या दिवशी साधारण तेच येतात, या आजाराच्या बऱ्याच पेशंटचे मात्र घसरतात. पण ही टेस्ट स्वतःहून करून बघायच्या भानगडीत पडू नका, तिच्यामुळेही मोठी घसरण होऊ शकते.

बाकीची लक्षणं या घसरणीच्या आजूबाजूला असतात. आठ-दहा तास झोपूनही झोप झाल्यासारखं वाटत नाही. बोलताना रोजचा साधा शब्द सापडत नाही. उभं राहिलं की गरगरतं, छाती धडधडते, आडवं झालं की बरं वाटतं (मोठ्या माणसाचे दर मिनिटाचे ठोके उभं राहिल्यावर दहा मिनिटांत ३० किंवा जास्त वाढून तसेच राहत असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा). २०१५ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने निकष ठरवले त्यात सहा महिन्यांहून जास्त टिकणारा, विश्रांतीने न जाणारा आणि आधीचं आयुष्य आखडून टाकणारा थकवा, ही घसरण आणि ताजं न करणारी झोप हे तिन्ही हवेत, आणि सोबत मेंदूचा धुरकटपणा (शब्द न सापडणं, वाचलेलं न कळणं) किंवा उभं राहण्याचा त्रास यातलं निदान एक. ब्रिटनच्या २०२१ च्या गाइडलाइनप्रमाणे मोठ्यांमध्ये सहा आठवड्यांनंतर संशय घ्यायचा आणि तीन महिन्यांनी निदान करता येतं. कित्येकांची सुरुवात एखाद्या व्हायरल आजारपणाने होते, ताप जातो पण माणूस काही बरा होत नाही.

रक्ताची अशी एकच टेस्ट नाही की जिच्यात हा आजार दिसेल. टेस्ट करायच्या त्या दुसरं काही नाही ना हे बघायला, म्हणजे अॅनिमिया, थायरॉइड, डायबेटिस, बी ट्वेल्व्ह, झोपेत श्वास अडकणं वगैरे, आणि त्या करायलाच हव्यात कारण यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहेत. डिप्रेशनशी गल्लत फार होते. डिप्रेशनमध्ये बहुधा इच्छाच मरते, इथे इच्छा भरपूर असते, यादी तयार असते, शरीर साथ देत नाही. शिवाय डिप्रेशनमध्ये व्यायामाने बऱ्याच जणांना बरं वाटतं, इथे उलटं होऊ शकतं, म्हणूनच त्या २०२१ च्या गाइडलाइनने टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार देऊ नका असं स्पष्ट सांगितलंय. 'जरा चालायला जात जा' हा प्रेमाने दिलेला सल्ला इथे खरोखर नुकसान करतो.

संशय असेल तर दोन-तीन आठवडे एक वही ठेवा. रोज काय केलं, किती वेळ, आणि कसं वाटलं, बस. मग वाईट दिवसावर बोट ठेवून दोन दिवस मागे जा. डॉक्टरकडे जाताना ती वही न्या, आणि घरातलं कुणीतरी सोबत न्या ज्याने तो सोमवार बघितलाय, कारण क्लिनिकपर्यंत माणूस येतो तो त्याच्या चांगल्या दिवशीच, खुर्चीत नीट बसतो, नीट बोलतो, ठणठणीत दिसतो, आणि त्या भेटीची घसरण दोन दिवसांनी घरी, पडदे ओढलेल्या खोलीत होते, तिथे डॉक्टर नसतात.