हायब्रिडचं अ‍ॅव्हरेज टायर कसा खातो?

नाशिकच्या मामांचा फोन आला तेव्हा आवाजात काळजी होती. "अरे, गाडीची बॅटरी गेली वाटतं. अ‍ॅव्हरेज तेवीसवरून एकवीसवर आलंय." मामांकडे होंडा सिटीची हायब्रिड आहे, म्हणजे पेट्रोल इंजिनाला बॅटरी आणि मोटरची जोड असलेली, चाळीस हजार किलोमीटरच्या वर फिरलेली. हायब्रिड बॅटरीच्या खर्चाची धास्ती प्रत्येक मालकाच्या मनात असते, त्यामुळे संशय आधी तिच्यावरच जातो. मी विचारलं, हल्ली गाडीचं काही काम केलं का? "काही नाही रे. टायर गोटा झाले होते, तेवढे चारही बदलले. साइज तीच घेतली. दुकानदार म्हणाला, साठ हजार किलोमीटर तरी बघायला नको."

बॅटरी ठणठणीत होती. बदललं होतं ते रबर.

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवरून गाडी आणून थांबवल्यावर टायरला हात लावून पाहा. तो गरम लागतो. ती ऊब फक्त उन्हाची नाही, त्यात आपलं पेट्रोलही आहे. टायर रस्त्याला टेकतो तिथे चपटा होतो आणि पुढे सरकला की पुन्हा गोल होतो. रबर दाबायला शंभर रुपयांची ऊर्जा लागली, तर सुटताना ते पूर्ण शंभर परत करत नाही. उरलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते. सिटीच्या टायरचा घेर सुमारे १.९ मीटर आहे. ताशी ६० किलोमीटरला चाकाचे सेकंदाला जवळजवळ नऊ फेरे होतात, म्हणजे रबराचा प्रत्येक तुकडा सेकंदाला नऊ वेळा दबतो आणि नऊ वेळा थोडी ऊर्जा गिळतो. चाकाच्या घरंगळण्याला होणाऱ्या या अडसराला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात.

हा तोटा तर सगळ्याच गाड्यांना होतो, मग हायब्रिडचं वेगळं काय? साध्या पेट्रोल गाडीची शहरातली ऊर्जा कुठे जाते ते बघू. सिग्नलला उभं राहून इंजिन चालू ठेवण्यात काही जाते, आणि प्रत्येक ब्रेकला गाडीचा वेग ब्रेक पॅडमध्ये उष्णता होऊन संपतो. हायब्रिडमध्ये सिग्नलला इंजिन बंद होतं, आणि ब्रेक दाबला की मोटर जनरेटर होऊन वेगाचा बराच भाग बॅटरीत परत भरते. म्हणजे दोन मोठ्या गळत्या बऱ्याच बुजल्या. हवेचा विरोध शहरी वेगाला कमीच असतो. उरतो तो टायर. रबरात गेलेली उष्णता कुठलीही मोटर परत आणू शकत नाही. बाकीचे खर्च घटले की या एका खर्चाचा वाटा आपोआप मोठा दिसू लागतो. टायरमुळे वाचणारं पेट्रोल हायब्रिडमध्ये साध्या गाडीपेक्षा जास्त असतं असं नाही, पण एकूण हिशेबात ते जास्त जाणवतं.

आकडे मांडून पाहू. माणसांसह गाडी १४०० किलोची धरा. दर हजार किलो वजनामागे १० किलोचा विरोध करणारा टायर गाडीला १४ किलोच्या जोराने मागे ओढतो. ७ किलोवाला टायर ९.८ किलोच्या जोराने. शंभर किलोमीटरमध्ये या फरकाची ऊर्जा होते सुमारे ४ मेगाज्यूल. एक लिटर पेट्रोलमधून चाकांपर्यंत ११ मेगाज्यूलच्या आसपास पोचतात असं मानलं, तर दर शंभर किलोमीटरला ३५० मिली पेट्रोल या फरकात जातं. चाळीस हजार किलोमीटरमध्ये १४० लिटर. लिटरला शंभर रुपये धरले तर चौदा हजार रुपये. दुकानात दोन टायरांच्या किमतीवरून आपण हजार-पाचशेची घासाघीस करतो, आणि हा चौदा हजारांचा फरक कुणी विचारतही नाही.

मग कमीत कमी ऊर्जा गिळणारं रबर वापरून मोकळं का होत नाही? कारण ओल्या रस्त्यावर गाडी थांबते ती रबराच्या याच ऊर्जा गिळण्याच्या स्वभावामुळे. डांबरातली खडी सूक्ष्म पातळीवर खडबडीत असते. ब्रेक लागल्यावर रबर त्या बारीक उंचवट्यांवरून थोडं घसरतं, प्रत्येक टोकाभोवती दबतं आणि सावकाश सुटतं. दबताना जितकी ऊर्जा खर्च होईल तितकी पकड जास्त. सगळी ऊर्जा लगेच परत करणारं रबर पावसात साबणासारखं वागेल.

कितीतरी वर्षं टायर बनवणारे या पेचात अडकले होते: रोलिंग रेझिस्टन्स कमी करावा तर ओली पकड जाते, पकड वाढवावी तर पेट्रोल जातं, आणि दोन्ही सांभाळावं तर टायर लवकर झिजतो. सुटकेची वाट सापडली ती या दोन घटनांच्या तालात. चाक फिरताना रबर सेकंदाला दहा-वीस वेळा दबतं. ब्रेक लावताना खडीच्या टोकांवरून तेच रबर सेकंदाला हजारो, लाखो वेळा दबतं. म्हणजे असं रबर हवं, जे संथ तालाला ऊर्जा परत देईल आणि जलद तालाला गिळेल. रबराच्या लांब साखळ्यांना जलद ताल हा थंडीसारखा भासतो, म्हणून प्रयोगशाळेत हीच परीक्षा तापमानाने घेतात: ६० अंशांना तोटा किती यावरून पेट्रोलचा अंदाज, आणि ० अंशाला तोटा किती यावरून ओल्या पकडीचा.

या परीक्षेत उत्तम उतरलं ते सिलिका, म्हणजे वाळूच्या कुळातलं, अतिशय बारीक कणांचं द्रव्य. त्याआधी रबराला बळकटी देण्याचं काम कार्बन ब्लॅक म्हणजे काजळी करायची. टायर काळा असतो तो तिच्यामुळे. काजळीचे कण रबरात एकमेकांना धरून जाळं करतात, दर फेऱ्याला ते जाळं तुटतं, पुन्हा जुळतं आणि त्यात ऊर्जा जाते. सिलिकाला मुळात रबर आवडत नाही, तिला पाणी प्रिय. सिलेन नावाचं रसायन दोघांमध्ये मध्यस्थी करतं: एका हाताने सिलिकाला धरतं, दुसऱ्याने रबराच्या साखळीला. कण असे बांधले गेले की संथ तालातला तोटा घटतो आणि पावसातली पकड टिकते. मिशेलिनने १९९२ मध्ये या तंत्राचे टायर बाजारात आणले. सिलिका वीजवाहक नसल्यामुळे अशा टायरच्या नक्षीत काजळीची एक पट्टी घालावी लागते, गाडीत साठलेली स्थिर वीज जमिनीत उतरावी म्हणून. मला ही पट्टी फार आवडते. एक अडचण सोडवताना निर्माण झालेल्या दुसरीचा विचार तिच्यात दिसतो.

दुकानात गेल्यावर यातलं काय उपयोगी पडेल? टायरच्या कडेवर १८५/५५ आर१६ ८३व्ही अशी अक्षरं असतात: रुंदी मिलिमीटरमध्ये, उंचीची टक्केवारी, रिमचा व्यास इंचांत, मग भारांक आणि वेगाचं चिन्ह. ८३ म्हणजे एका टायरला ४८७ किलो. बॅटरी आणि मोटरमुळे हायब्रिडचं वजन त्याच मॉडेलच्या पेट्रोल गाडीपेक्षा शंभरेक किलो जास्त असतं, म्हणून भारांक कंपनीने दिलेल्यापेक्षा खाली अजिबात नेऊ नये. पण या ओळीत रबराच्या मिश्रणाबद्दल एक अक्षर नसतं. साइज तीच असूनही मामांचा टायर वेगळा होता, तो इथे. गाडीसोबत येणारे टायर कार कंपनीने कमी रोलिंग रेझिस्टन्सची अट घालून बनवून घेतलेले असू शकतात, आणि दुकानातल्या त्याच नावाच्या टायरचं मिश्रण निराळं असू शकतं.

आपल्याकडे २८ जून २०२२ च्या केंद्रीय अधिसूचनेने रोलिंग रेझिस्टन्स, ओली पकड आणि आवाज या तिन्हींसाठी एआयएस-१४२ हे मानक लागू केलं. ऊर्जा दक्षता ब्युरोने फ्रीज-एसीसारखं टायरलाही स्टार लेबल आणलं, ते रोलिंग रेझिस्टन्सवर आधारलेलं आहे. ते लेबल दुकानदाराकडे मागावं. युरोपीय लेबलवर पेट्रोल आणि ओली पकड यांची ए (A) ते ई (E) अशी वेगवेगळी श्रेणी असते. वरच्या हिशेबातले ७ आणि १० त्यात दुसऱ्या आणि चौथ्या श्रेणीत येतात. माझा स्वतःचा क्रम असा: पाऊस जिथे चार महिने आहे आणि ताम्हिणी किंवा खंडाळ्याचा घाट उतरायचा आहे, तिथे आधी ओली पकड, मग पेट्रोल, आणि "किती किलोमीटर चालेल" हा प्रश्न शेवटी. साठ हजार चालणारं कडक रबर श्रावणातल्या घाटात वीस मीटर पुढे जाऊन थांबणार असेल, तर ते आयुष्य मला नको.

रुंद टायर चढवायचा मोहही आवरावा. रुंदी वाढली की वजन वाढतं, हवेचा विरोध वाढतो आणि साचलेल्या पाण्यावर टायर तरंगण्याचा धोकाही. पुढच्या टायरांवर मात्र लक्ष हवं. सिटी हायब्रिडची मोटर २५३ न्यूटन-मीटर जोर देते, तोही शून्य वेगापासून, आणि ब्रेकची ऊर्जा गोळा करायचं कामही पुढच्याच चाकांवर आहे. ओढणं आणि आवरणं दोन्ही त्यांच्याकडे असल्यामुळे ती आधी झिजतात. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे-मागचे टायर अदलाबदल करावेत.

मामांना मी दोन गोष्टी आधी समजावल्या. गोटा झालेल्या टायरवर दबायला रबरच कमी उरलेलं असतं, म्हणून त्याचा रोलिंग रेझिस्टन्स नव्यापेक्षा बराच कमी असतो. त्यांचा तेवीसचा आकडा त्या झिजलेल्या, पावसात धोकादायक टायरवरचा होता. शिवाय नव्या टायरचा घेर किंचित मोठा, त्यामुळे तेवढ्याच रस्त्यात चाकाचे फेरे कमी होतात आणि गाडी एक-दोन टक्के कमी किलोमीटर मोजते. अ‍ॅव्हरेजचा तेवढा भाग फक्त मोजणीत हरवतो. मग त्यांना सकाळी, टायर थंड असताना, हवा तपासायला सांगितलं. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेल्यापेक्षा ती पाच पीएसआय कमी निघाली. हवा कमी की टायर जास्त चपटा होतो, आणि जास्त तापतो.

हवा भरून महिना झाला. परवा त्यांनी सांगितलं, बावीस मिळतंय.