दाखल्यावरचं वय आणि पाण्यातला न्याय

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या साठीच्या माणसांना वाढदिवस विचारला की १ जून ही तारीख फार वेळा ऐकू येते. घरी जन्माची नोंद नसे. शाळेत घालताना उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का, एवढं गुरुजी बघत. लागला की सहा वर्षं पुरी, आणि रजिस्टरात १ जून. प्रौढांच्या जलतरण स्पर्धांत, म्हणजे मास्टर्समध्ये, पोहणारा कुठल्या गटात उतरणार हे असल्या दाखल्यावरच ठरतं.

आंतरराष्ट्रीय नियमात गट २५ वर्षांपासून पुढे पाच-पाच वर्षांचे आहेत आणि वय त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला किती, हे धरतात. त्यामुळे तारीख कुठलीही असली तरी बिघडत नाही, साल मात्र बरोबर लागतं. गुरुजींनी एखादं वर्ष इकडे-तिकडे केलं असेल, तर ५९ वर्षांचा माणूस ६० ते ६४ च्या गटात जाऊन त्यातला सर्वांत तरुण ठरतो. यात त्याची लबाडी नसते, पण शेजारच्या लेनमधल्या चौसष्टीच्या माणसावर अन्याय होतोच.

पात्रतेचे नियम मुळात वयासाठी नव्हतेच. १८६९ साली लंडनच्या पोहण्याच्या क्लबांनी संघटना केली, ती ‘हौशी’ कोण हे ठरवत. पैशासाठी पोहणारा हौशी नव्हे. नौकानयनात तर इंग्लंडमधल्या हेन्लीच्या शर्यतींच्या १८७९ च्या नियमाने कारागीर आणि मजूर थेट बाद केले. न्यायाच्या नावाखाली कष्टकऱ्याला दार बंद होतं, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. पुढे शंभर वर्षं हौशीपणाची चौकट टिकली. १९७२ ला म्युनिकमध्ये सात सुवर्णपदकं जिंकून अमेरिकेचा जलतरणपटू मार्क स्पिट्झ बाविसाव्या वर्षी थांबला, कारण कमाई केली की हौशीपण जाणार.

मास्टर्सची चळवळ याच्या उलट दिशेने आली. अमेरिकी नौदलातले डॉक्टर रॅन्सम आर्थर यांना मोठ्या माणसांनी तब्येतीसाठी पोहत राहावं असं वाटे. मे १९७० मध्ये टेक्सासमधल्या अमॅरिलोला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, १९८६ ला टोकियोत जागतिक. नियमही माणूस बघून केले. काठावरच्या ब्लॉकवरून सूर मारणं जमत नसेल तर पाण्यातून भिंतीला रेटा देऊन सुरुवात चालते. बटरफ्लायला, म्हणजे दोन्ही हात एकदम पुढे टाकायच्या प्रकाराला, ब्रेस्टस्ट्रोकची बेडकासारखी लाथ चालते. पाठीला डबा किंवा भोपळा बांधून विहिरीत शिकलेल्या आपल्याकडच्या माणसाला या सवलती मोलाच्या आहेत. तो अडकतो दुसरीकडे: ब्रेस्टस्ट्रोकमध्ये वळताना दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागावे लागतात. विहिरीत तसं कुणी शिकवत नाही, आणि चांगला पोहणारा बाद होतो. आयोजकांनी हे आदल्या दिवशी सांगायला हवं.

पोशाखाचा वाद लवकर मिटला. २००९ ला रोमच्या जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले आणि पाण्यावर तरंगायला मदत करणारे पॉलियुरेथेनचे सूट १ जानेवारी २०१० पासून बंद झाले.

स्त्री-पुरुष गटांचा प्रश्न तसा मिटणारा नाही. १०० मीटर फ्रीस्टाईलमध्ये पुरुषांत चीनच्या पॅन झानलेची २०२४ ची विक्रमी वेळ ४६.४० सेकंद, महिलांत स्वीडनच्या सारा शोस्ट्रॉमची २०१७ ची ५१.७१. वयात आल्यावर शरीरात पडणारा हा फरक आहे. जून २०२२ मध्ये जलतरणाच्या जागतिक महासंघाने पुरुषी पौगंडावस्थेतून गेलेल्या ट्रान्स स्त्रियांना महिला गटातून वगळलं. त्यांच्यासाठी काढलेल्या खुल्या गटात ऑक्टोबर २०२३ ला बर्लिनच्या विश्वचषक स्पर्धेत एकही प्रवेशिका आली नाही. देशोदेशीच्या संघटनांनी आपले नियम आपण करावेत, अशी मोकळीक मात्र ठेवली.

महिला गटातलं पदक आणि विक्रम राखलेच पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण सौंदत्तीच्या यल्लमाच्या डोंगरावर, पुरुष जन्मून देवीला वाहिलेल्या आणि स्त्रीवेशात राहणाऱ्या जोगप्पांना पिढ्यान्‌पिढ्या बघत आलेल्या या मुलखाला दोन रकान्यांत न बसणारी माणसं नवीन नाहीत. जिल्हा पातळीच्या मास्टर्स स्पर्धेत अशा पोहणाऱ्यालाही लेन द्यावी, वेळ नोंदवावी, निकाल वेगळा लावावा, आणि हे प्रवेशपत्रिकेवर आधीच छापावं. पाण्यात उतरायच्या वेळी काठावर कुणाच्या शरीराची चौकशी होता कामा नये.