लोकमत आणि परराष्ट्र धोरण (अमेरिका)

युद्ध, तह, लष्करी युती, परकीय मदत यांविषयी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सामान्य नागरिक काय मानतात आणि शासन त्याची कितपत दखल घेते, हा राज्यशास्त्रातील जुना वादविषय आहे. परक्यांच्या भांडणात गुंतू नये, ही भूमिका जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या १७९६ च्या निरोपाच्या संदेशापासून चालत आली, असे सामान्यतः सांगितले जाते. मात्र जॉर्ज गॅलप यांनी १९३५ मध्ये लोकमत चाचणी संस्था स्थापून नमुना चाचण्या सुरू केल्या, त्याआधीचे लोकमत वृत्तपत्रे, अर्ज-विनंत्या व निवडणूक निकाल यांवरूनच ताडावे लागते. त्यामुळे त्या काळाविषयीची ठाम विधाने जपूनच स्वीकारावीत.

लोकांचा कौल धोरणात थेट उतरवण्याचा सर्वांत धीट प्रयत्न इंडियानाचे प्रतिनिधी लुई लडलो यांचा. देशावर हल्ला झाल्याखेरीज सार्वमताशिवाय युद्ध पुकारता येऊ नये, अशी घटनादुरुस्ती त्यांनी सुचवली. चाचण्यांत या कल्पनेला बहुमत होते. परंतु राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सभापतींना पत्र लिहून विरोध नोंदवला आणि १० जानेवारी १९३८ रोजी ती चर्चेला घेण्याचा प्रस्ताव प्रतिनिधिगृहात २०९ विरुद्ध १८८ मतांनी फेटाळला गेला.

अभ्यासकांतील मुख्य वाद लोकमत चंचल असते की स्थिर, याविषयी आहे. पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२० च्या दशकातच सामान्य मतदाराच्या जाणकारीविषयी शंका घेतली होती. गेब्रिएल आमंड यांनी १९५० मध्ये त्याच धर्तीवर ‘मनःस्थितीचा सिद्धान्त’ मांडला : संकट आले की लोक खडबडून जागे होतात, निवळले की पाठ फिरवतात. यातला पुरावा बारकाईने पाहण्याजोगा आहे. ‘देशापुढील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कोणता?’ या प्रश्नाच्या उत्तरांतील चढउतारांवर आमंड यांची भिस्त होती. विल्यम कॅस्परी यांनी १९७० मध्ये दाखवून दिले, की या प्रश्नातून लक्ष कुठे आहे एवढेच कळते. महागाई वाढली की परराष्ट्र प्रश्न यादीत खाली जातो, म्हणून जागतिक जबाबदारीला असलेला पाठिंबा आटला असे होत नाही. ‘जागतिक घडामोडींत सक्रिय भाग घ्यावा की दूर राहावे?’ या प्रश्नाची उत्तरे मात्र वर्षानुवर्षे बरीच स्थिर राहिली. पुढे बेंजामिन पेज व रॉबर्ट शापिरो यांनी अनेक दशकांच्या चाचण्या तपासून मते बहुधा घटनांच्या ओघानुसार, समजण्याजोग्या कारणांनीच बदलतात, असा निष्कर्ष काढला. उपलब्ध पुराव्याचा कल या दुसऱ्या मताकडे आहे.

व्हिएतनाम युद्धाच्या बाबतीत कालक्रमाचा घोळ आजही आढळतो. १९६८ चे टेट आक्रमण (टेट सणाच्या वेळी कम्युनिस्ट सैन्याने दक्षिण व्हिएतनामवर केलेले हल्ले) व त्यानंतरचे वृत्तनिवेदक वॉल्टर क्रोंकाइट यांचे दूरचित्रवाणी भाष्य यांमुळे लोकमत फिरले, असे सर्रास लिहिले जाते. गॅलपच्या नोंदी तसे सांगत नाहीत. सैन्य पाठवणे ही चूक होती, असे ऑगस्ट १९६५ मध्ये २४ टक्के लोक म्हणत होते. ऑक्टोबर १९६७ मध्ये, म्हणजे टेटपूर्वीच, ४७ टक्के तसे म्हणत होते आणि ४४ टक्के विरुद्ध मताचे होते. राज्यशास्त्रज्ञ जॉन म्यूलर यांनी युद्धाच्या पाठिंब्यातील ही घट वाढत्या प्राणहानीशी जोडली. नंतरच्या काही अभ्यासकांनी विजयाच्या आशेला अधिक महत्त्व दिले.

संकटात लोक राष्ट्राध्यक्षांभोवती एकवटतात, हेही म्यूलर यांनीच मांडले. एप्रिल १९६१ मध्ये क्यूबातील कास्ट्रो यांची सत्ता उलथवण्याची मोहीम फसूनही केनेडींची लोकप्रियता ८३ टक्क्यांवर गेली. सप्टेंबर २००१ मध्ये धाकट्या बुश यांची ५१ वरून ९० वर. याचे कारण देशप्रेम, की विरोधी नेत्यांचे तात्पुरते मौन, यावर मतभेद आहेत. रिचर्ड ब्रॉडी यांनी दुसरे कारण पुढे केले.

लोकमताची उघड अवहेलना १९७१ मध्ये दिसते. पूर्व बंगालमधील अत्याचारांच्या बातम्यांनी अमेरिकेत संताप होता. जुलैत बाल्टिमोर बंदरात ‘पद्मा’ या पाकिस्तानी मालवाहू जहाजाची वाट क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या कार्यकर्त्यांनी छोट्या होड्या वल्हवत अडवू पाहिली व अटक ओढवून घेतली. ऑगस्टमध्ये सिनेटर एडवर्ड केनेडी भारतातील निर्वासित छावण्यांत आले. राष्ट्राध्यक्ष निक्सन मात्र पाकिस्तानच्या बाजूने झुकलेले राहिले. त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर त्याच जुलैत पाकिस्तानमार्गे गुप्तपणे पेकिंगला (बीजिंग) गेले होते आणि चीनशी नाते जोडणे हेच निक्सन यांना अधिक मोलाचे वाटत होते.

माहितीचा तुटवडा परकीय मदतीबाबत ठळक आहे. २०१० च्या एका चाचणीत संघराज्याच्या खर्चापैकी सुमारे २५ टक्के मदतीवर जातो, असा लोकांचा मध्यक अंदाज निघाला. तो १० टक्के असावा, असे त्यांचे म्हणणे होते. प्रत्यक्षात तो सुमारे १ टक्का होता.

शिकागो येथील जागतिक घडामोडी परिषद (पूर्वीची परराष्ट्र संबंध परिषद) १९७४ पासून या विषयावर चाचण्या घेते. प्यू या संशोधन संस्थेच्या २०१३ च्या पाहणीत ५२ टक्क्यांनी देशाने स्वतःपुरते पाहावे, असे म्हटले. युक्रेन युद्ध सुरू झाल्यानंतर युक्रेनला मदतीच्या प्रश्नावर पक्षनिहाय फूट रुंदावली आहे.