लाल रंग दिसला की बैल खरंच बिथरतो का?

"लाल कपडे घालून बैलासमोर जाऊ नका, तो अंगावर येतो." स्पेनमधल्या बैलझुंजींचे फोटो जोडून हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. झुंजीत लाल कापड दिसतं, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे.

पण माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, गुरांच्या डोळ्यात दोनच. लाल-हिरव्यातला फरक त्यांना नीट कळत नाही. बैल धावतो तो फडफडणाऱ्या कापडावर. झुंजीचा कुठलाही व्हिडिओ सुरुवातीपासून बघा: आधी वापरतात ते मोठं कापड गुलाबी-पिवळं असतं, आणि बैल त्यावरही तितक्याच जोरात येतो. छोटं लाल कापड शेवटच्या टप्प्यात येतं. त्यावर रक्ताचे डाग उठून दिसत नाहीत, एवढंच.

स्पेनच्याच एक्स्त्रेमादुरा प्रांतातल्या ओकच्या माळरानावर लाल ट्रॅक्टरवरून खुराक टाकला तरी गुरं शांतपणे मागे येतात. आपल्याकडे पोळ्याला बघा. शिंगांना हिंगूळ, पाठीवर लाल झूल, शेजारी तसाच सजलेला जोडीदार, आणि बैल निवांत रवंथ करतोय.

म्हणून अनोळखी बैलाजवळ जाताना शर्टाचा रंग बघू नका. पदर, उपरणं, छत्री आवरून धरा, हातवारे टाळा आणि पळू तर अजिबात नका.